यवतमाळ ते परिषद: अंतर किलोमीटरमध्ये नाही, सांध्यांमध्ये मोजा

गेल्या महिन्यात दारव्ह्याच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. पीएचडीच्या मुलाखतीसाठी त्याला तिरुवनंतपुरमला जायचं होतं. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. त्याने दोन तिकिटांचे स्क्रीनशॉट पाठवले: नागपूर ते मुंबई एका कंपनीचं, मुंबई ते तिरुवनंतपुरम दुसऱ्या कंपनीचं. मध्ये एक तास वीस मिनिटं. खाली लिहिलं होतं, "ताई, एकत्र तिकिटापेक्षा चौदाशे रुपये वाचतात. चालेल ना?"

मी लगेच उत्तर लिहिलं, "नाही चालणार." मग त्याने साहजिकच विचारलं, का? त्याच 'का'साठी हा लेख. संशोधनाच्या वाटेवर असलेल्या तुम्हा सगळ्यांना मुलाखत, परिषद किंवा कार्यशाळेसाठी कधीतरी असा प्रवास करावाच लागणार आहे. आणि तो कसा करायचा हे आपल्याला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे

आधी आपण कुठे उभे आहोत ते बघू. यवतमाळजवळ भारी इथे एमआयडीसीने बांधलेली धावपट्टी आहे. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादसोबत तीही खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली. नेत्यांची विमानं तिथे उतरतात, पण तिकीट काढून आपल्याला तिथून कुठे जाता येत नाही. कारण धावपट्टी हा विमानतळाचा फक्त एक भाग आहे. नियमित प्रवासी सेवेसाठी डीजीसीएचा परवाना लागतो, अग्निशमन दल, सुरक्षा तपासणी, हवाई वाहतूक नियंत्रण आणि हवामानाची नोंद लागते. आणि मुख्य म्हणजे रोज विमान भरेल इतके प्रवासी आहेत, अशी खात्री कोणत्या तरी कंपनीला वाटावी लागते.

मग आपल्याकडे पर्याय कोणते? तुम्ही जिल्ह्याच्या कोणत्या टोकाला राहता, त्यावर ते ठरतं.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तिथली धावपट्टी १,८५० मीटरची आहे आणि सेवा एटीआर ७२ या छोट्या पंख्याच्या विमानाने सुरू झाली. नेर, दारव्हा भागाला हे सोयीचं. उमरखेड, महागाव, पुसदवाल्यांना नांदेड जवळ पडतं. 'उडान' योजनेची पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यात शिमल्याबरोबर नांदेड ते हैदराबाद हेही होतं. आणि तिसरा, सगळ्यांत भरवशाचा पर्याय म्हणजे नागपूर. यवतमाळहून साधारण दीडशे किलोमीटर.

छोट्या विमानतळाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथलं विमान रद्द झालं तर पुढचं विमान दोन तासांनी नसतं. ते उद्या असतं किंवा परवा. म्हणून अमरावती किंवा नांदेडहून निघायचं ठरवलंत, तर त्या वाराला खरंच विमान आहे का ते तिकीट काढताना बघाच, आणि 'हे उडालं नाही तर मी काय करीन?' याचं उत्तर आधीच तयार ठेवा. नागपूरला हा प्रश्न येतो, पण सुटायला वाव असतो.

नागपूरला मध्यरात्री चार विमानं भेटायची

आता मूळ प्रश्न. आपल्याला सरळ का जाता येत नाही? मधेच मुंबईला किंवा दिल्लीला का उतरावं लागतं?

याचं सुंदर उदाहरण आपल्या नागपुरातच घडलंय. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डकोटा विमानं टपाल घेऊन निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरात परत. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत.

यातलं गणित बघा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर किती मार्ग लागतील? चारातून दोन निवडायचे, म्हणजे ६. मध्ये नागपूर घेतलं की ४ पुरतात. फरक छोटा वाटतो? शहरं १० करा. थेट मार्ग ४५, केंद्रातून फक्त १०. शहरांची संख्या न धरली तर थेट मार्ग न(न−१)/२ या वेगाने वाढतात आणि केंद्रातून जाणारे फक्त न. शहरं वाढतील तसा केंद्राचा फायदा फुगत जातो. १९७३ साली अमेरिकेत फेडएक्सने मेम्फिसमधून रात्रीची पार्सल सेवा सुरू केली, तिच्यामागे हेच तत्त्व होतं. १९७८ नंतर तिथे विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं उठली आणि प्रवासी कंपन्यांनीही हीच रचना मोठ्या प्रमाणावर उचलली. आज आपण ज्याला 'हब' म्हणतो ते हेच.

पण फुकट काही मिळत नाही. समजा एखाद्या रात्री दिल्लीचं डकोटा उशिरा येतंय. बाकीच्या तिघांनी थांबायचं की दिल्लीची टपाल न घेताच निघायचं? थांबले तर तीन शहरांना उशीर, निघाले तर दिल्लीची पत्रं अडकली. थेट मार्गांच्या जाळ्यात एकाचा उशीर एकापुरता राहतो. केंद्राच्या जाळ्यात तो सगळीकडे पसरतो. टपालाच्या थैलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, म्हणजे कनेक्टिंग फ्लाइट काय असते ते कळेल.

नकाशाचा मध्य आणि जाळ्याचा मध्य

नागपूर देशाच्या नकाशात मध्यभागी आहे, हे आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. मग आज आपल्याला नागपूरहून मुंबईमार्गे दक्षिणेला का जावं लागतं? कारण नकाशाचा मध्य आणि जाळ्याचा मध्य या वेगळ्या गोष्टी आहेत.

रॉजर गिमेरा, लुईस अमराल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जगाच्या विमानमार्गांच्या जाळ्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नेटवर्क सायन्समध्ये रस असेल तर तो जरूर वाचा, भाषा सोपी आहे. त्यांनी प्रत्येक शहर म्हणजे एक बिंदू आणि थेट विमान म्हणजे एक रेघ धरली. मग दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या. एक, त्या शहरातून किती ठिकाणी थेट जाता येतं. दुसरी, इतर शहरांच्या जोड्यांमधले सगळ्यांत छोटे मार्ग त्या शहरातून किती वेळा जातात.

या दोन्ही सारख्याच वाटतात ना? नाहीत. पैनगंगेवरचा एखादा पूल घ्या. त्याला फक्त दोन बाजूंचे दोन रस्ते जोडलेले असतात, पण विदर्भातून मराठवाड्यात जाणारी सगळी वाहतूक त्याच्यावरून जाते. पहिल्या मापात पूल क्षुल्लक, दुसऱ्या मापात महत्त्वाचा. जगाच्या विमान जाळ्यात असा पूल म्हणजे अलास्कातलं अँकरेज. तिथून थेट जाता येतील अशी शहरं लंडन-पॅरिसच्या मानाने थोडी, पण अलास्कातल्या असंख्य दुर्गम धावपट्ट्यांना उरलेल्या जगाशी तेच जोडतं.

याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. जगातल्या कोणत्याही दोन शहरांमध्ये सरासरी ४.४ उड्डाणांचं अंतर निघालं. आणि सगळ्यांत लांबची जोडी होती फॉकलंड बेटांवरचं माउंट प्लेझंट आणि पापुआ न्यू गिनीतलं वासू. तब्बल १५ उड्डाणं. म्हणजे त्यांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलंच नाही, टप्प्यांमध्ये मोजलं.

प्रवास ठरवताना तुम्हीही तेच करा.

प्रत्येक सांधा निखळू शकतो

समजा तुमच्या प्रवासात तीन टप्पे आहेत: यवतमाळ ते नागपूर एसटी, मग एक विमान, मग दुसरं विमान. प्रत्येक टप्पा वेळेवर पार पडण्याची शक्यता ९० टक्के धरू. हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय. तिन्ही टप्पे नीट पार पडण्याची शक्यता किती? ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. म्हणजे शंभरातले २७ जण कुठेतरी अडकणार. आदल्या रात्रीच नागपूरला मुक्काम केला तर एसटीचा टप्पा गणितातून जवळजवळ बाहेर जातो आणि शक्यता ०.८१ वर येते. थेट विमान मिळालं तर ०.९. पैसे वाचवण्याआधी सांधे वाचवा, असं मी म्हणते ते यासाठी.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका परिषदेत माझं पोस्टर स्वीकारलं गेलं. मी अगदी त्या मुलासारखीच दोन स्वतंत्र तिकिटं काढली. मध्ये दोन तास होते, मला भरपूर वाटले. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. बॅग पट्ट्यावर यायला वेळ लागला. दुसरं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून होतं. धावत काउंटरला पोचले तेव्हा ते बंद होऊन सहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने मी 'कनेक्शन चुकलेली' प्रवासी नव्हतेच, उशिरा आलेली प्रवासी होते. नियमाने त्यांचं बरोबर होतं. नवीन तिकीट माझ्या एका महिन्याच्या मेसच्या आणि खोलीभाड्याच्या पैशांत गेलं, रात्र खुर्चीवर गेली. सकाळचं पोस्टर सत्र संपल्यावर मी पोचले. ज्या शास्त्रज्ञांना माझी आकृती दाखवायची होती, ते दुपारीच परतले होते. नंतर मी ईमेल केला, उत्तर आलं नाही. गाइडना सांगितलं तर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "प्रयोगात कंट्रोल ठेवतेस, प्रवासात का नाही ठेवला?"

एक तिकीट की दोन?

तर कंट्रोल म्हणजे काय? पहिली गोष्ट, सगळे टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली घ्या. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. शिवाय बॅग सहसा थेट शेवटच्या ठिकाणी जाते. चेक-इनला बॅगेला जो कागदी पट्टा लावतात, त्यावर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो. तो तुमच्या अंतिम ठिकाणाचाच आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. काउंटरवरच्या माणसाला विचारायला लाजू नका: "बॅग मला मध्ये घ्यावी लागेल का?"

प्रत्येक विमानतळासाठी 'किमान जोडणी वेळ' ठरलेली असते. एकाच तिकिटावर कंपनी तुम्हाला त्याहून कमी अंतराची दोन विमानं विकत नाही. दोन स्वतंत्र तिकिटं काढता तेव्हा ही चाळणी तुमच्यावर लागतच नाही. वेबसाइट तुम्हाला चाळीस मिनिटांच्या अंतराचीही दोन तिकिटं आनंदाने विकेल.

मग स्वतंत्र तिकिटांना किती वेळ ठेवायचा? एक कागद घ्या आणि मिनिटं लिहा. विमान उतरल्यावर दरवाजा उघडेपर्यंत १५. बाहेर येऊन बॅग मिळेपर्यंत ३० ते ४०. टर्मिनल बदलायचं असेल तर ३० ते ६०. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, ती ६० मिनिटं वेगळी. बेरीज सव्वादोन ते तीन तासांवर गेली ना? आणि यात पहिल्या विमानाचा उशीर अजून धरलेलाच नाही. म्हणून स्वतंत्र तिकिटं घ्यावीच लागली तर मध्ये पाच-सहा तास ठेवा, नाहीतर सरळ एक रात्र ठेवा. बॅग फक्त हातातली, सात किलोच्या आतली असेल आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर बरीच मिनिटं वाचतात. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून पाठीवरच्या बॅगेत बसतं.

टर्मिनलची गंमत वेगळीच. मुंबईला टर्मिनल १ आणि टर्मिनल २ मध्ये रस्त्याने काही किलोमीटर अंतर आहे, आणि मुंबईचे 'काही किलोमीटर' म्हणजे काय ते गेल्याशिवाय कळत नाही. त्यात आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, डिसेंबर २०२५ पासून. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून थांबू नका. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम आहे, नवी मुंबईचा एनएमआय. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर तो सांधा नाही, तो वेगळा प्रवासच धरा. दिल्लीतही टर्मिनल १ हे २ आणि ३ पासून दूर आहे.

परदेशी जाताना

नागपूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे परदेशी जाताना पासपोर्टवरचा शिक्का सहसा तिथे बसतो, जिथून विमान देश सोडतं. म्हणजे मधल्या थांब्यावर इमिग्रेशनची रांग धरायची. येताना उलट: भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅग उचलायची, कस्टममधून बाहेर यायचं आणि नागपूरच्या विमानासाठी ती पुन्हा द्यायची. टॅगवर नागपूर लिहिलं असलं तरी. त्यामुळे परतीचा थांबा जाण्याच्या थांब्यापेक्षा मोठा ठेवा. शेंगेन देशांतही असंच: फ्रँकफर्टमार्गे प्रागला जाणार असाल तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टला होते. आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. स्वतंत्र तिकिटांत बॅग घ्यायला बाहेर यावं लागलं, तर कधी कधी तिथेच गाडी अडते.

घरापासून उलटं मोजा

आपल्या प्रवासाचा पहिला सांधा विमानतळावर नसतोच, तो यवतमाळच्या बसस्थानकावर असतो. नागपूरला पोचायला एसटीने तीन-साडेतीन तास धरा. वर्ध्यावरून येणारी गाडी वर्धा रोडनेच नागपुरात शिरते आणि विमानतळ त्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे गणेशपेठ स्थानकापर्यंत जाऊन परत यायची गरज नाही. कुठे उतरवतील ते कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवा.

सकाळचं पहिलं विमान सहसा जास्त वेळेवर असतं. एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरतं, त्यामुळे सकाळचा वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत दीड तासाचा होऊ शकतो. अपवाद डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीचा. तिथे पहाटेचं धुकं असतं, म्हणून थंडीत दिल्लीचा सांधा दुपारचा बरा. पण पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीच्या गाडीवर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी नागपूरला या. मामा, आत्या, मित्राची खोली, कुणी ना कुणी असतंच की.

शेवटी पैशांचं. सरकारी अनुदानातून तिकीट काढत असाल तर आधी अटी वाचा. बऱ्याच ठिकाणी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच तिकीट लागतं, आणि भाडं जवळच्या मार्गाने, इकॉनॉमी वर्गाचं मिळतं. बोर्डिंग पास जपून ठेवा, त्याशिवाय बिलं अडकतात. आणि चुकलेल्या विमानाच्या जागी घेतलेलं दुसरं तिकीट मंजूर होईलच असं नाही. माझं झालं नव्हतं.

दारव्ह्याच्या त्या मुलाने शेवटी एकच तिकीट काढलं, मुलाखतीच्या आदल्या दिवसाचं. चौदाशे रुपये जास्त गेले. मुंबईला त्याचं पहिलं विमान पस्तीस मिनिटं उशिरा उतरलं, पण दुसरं मिळालं. मुलाखतीचा निकाल अजून लागायचाय. पण त्याला प्रश्न विचारले गेले ते त्याच्या विषयावर, आणि तो ते ऐकायला वेळेवर तिथे होता.